वास्तुकला आणि नगररचना एकत्र शिकायची असेल तर

इमारतीचा आराखडा वास्तुविशारद काढतो. पण ती किती मजली होईल, तिच्यापुढचा रस्ता नऊ मीटरचाच राहील की अठराचा होईल आणि शेजारच्या मोकळ्या भूखंडावर शाळा येईल की दुकाने, या गोष्टी त्याच्या टेबलावर काम येण्याआधीच ठरलेल्या असतात. ते ठरवण्याचे शास्त्र म्हणजे नगररचना. हे दोन्ही विषय सोबतीने शिकावेत असे ज्यांना वाटते, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही, अशा बारावीच्या आणि वास्तुकलेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. नियम आणि उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत.

आधी पदव्यांचा क्रम ठरवा

आपल्याकडे वास्तुकलेची बी.आर्क. ही पदवी पाच वर्षांची आणि नियोजनाची बी.प्लॅन. ही पदवी चार वर्षांची असते. या दोन पदव्यांचे कायद्यातले स्थान सारखे नाही आणि सगळा निर्णय या फरकावर अवलंबून असतो. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही स्वतःस वास्तुविशारद म्हणवून घेता येत नाही आणि त्या नोंदणीसाठी वास्तुकलेची मान्यताप्राप्त पदवी लागते. नगररचनाकारांसाठी असा केंद्रीय कायदा नाही. १९५१ साली स्थापन झालेली भारतीय नगर नियोजक संस्था सदस्यत्व देते आणि अनेक नोकऱ्यांत ते ग्राह्यही धरले जाते, पण तो कायद्याने दिलेला परवाना नव्हे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, बी.आर्क. झालेल्याला पुढे दोन वर्षांची एम.प्लॅन. करून नगररचनेत जाता येते, पण बी.प्लॅन. झालेल्याला वास्तुविशारद व्हायचे असेल तर पुन्हा पहिल्यापासून पाच वर्षे द्यावी लागतात. म्हणून दोन्ही विषय खरोखर हवे असतील तर पाच अधिक दोन हा मार्ग सरळ आणि सुरक्षित आहे, असे माझे मत आहे. मात्र ज्यांना रेखाटनात रस नाही, पण आकडेवारी, वाहतूक, पाणीपुरवठा आणि कायदा यांत मन रमते, त्यांनी केवळ प्रतिष्ठेच्या कल्पनेपायी वास्तुकलेची पाच वर्षे काढू नयेत. त्यांच्यासाठी बी.प्लॅन. हीच योग्य पदवी आहे.

एका गैरसमजाचा येथेच निकाल लावलेला बरा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास मुभा दिली, हे खरे आहे. परंतु दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर त्यांच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, अशी त्यात अट आहे. वास्तुकलेच्या डिझाइन स्टुडिओत दिवसचे दिवस जातात आणि सबमिशनच्या आठवड्यात रात्रीही जातात, तेव्हा दोन पूर्णवेळ पदव्या एकत्र करणे कागदावर शक्य असले तरी प्रत्यक्षात झेपणारे नाही. दूरस्थ पद्धतीने समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भूगोलाचा एखादा छोटा अभ्यासक्रम करता येईल, आणि तो नियोजनासाठी उपयोगीही पडतो.

प्रवेश परीक्षा

बी.आर्क.साठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असणे आवश्यक आहे. तिसऱ्या विषयाचे व टक्केवारीचे नियम परिषद अधूनमधून बदलते, त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, दादा-ताईंच्या आठवणींवर विसंबू नये. वास्तुकला परिषदेची नाटा आणि जेईई मेनचा पेपर दोन-अ या दोन मुख्य परीक्षा होत. राज्यातील प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतात आणि तेथे बारावीच्या गुणांनाही वजन असते. आयआयटीत जायचे असेल तर जेईई ॲडव्हान्स्डनंतर वास्तुकला अभिक्षमता चाचणी वेगळी द्यावी लागते.

बी.प्लॅन.साठी जेईई मेनचा पेपर दोन-ब असतो. त्यात गणित आणि अभिक्षमता तीच असते, पण चित्रकलेच्या जागी नियोजनावरचे प्रश्न येतात. बारावीला गणित असलेल्या वाणिज्य व कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ही वाट खुली असते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. दोन्ही पेपर एकाच अर्जातून भरता येतात, तेव्हा मन पक्के झाले नसेल तर दोन्ही द्यावेत.

संस्था निवडताना काय पाहावे

दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, तिच्याच धर्तीवर २००८ साली सुरू झालेल्या भोपाळ व विजयवाड्याच्या संस्था, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, आयआयटी खरगपूर व रुरकी, आणि आपल्याकडे नागपूरचे व्हीएनआयटी, या ठिकाणी वास्तुकला आणि नियोजन एकाच छताखाली शिकवले जाते. सेप्टमध्ये १९६२ साली आधी वास्तुकलेची शाळा निघाली आणि १९७२ मध्ये तिच्याशेजारी नियोजनाची. पुण्यात सीओईपीत नियोजनाचा पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थांत वास्तुकलेचे शिक्षण भक्कम आहे आणि भोवतालचे शहर हेच मोठे ग्रंथालय आहे.

तथापि, एकाच छताखाली दोन विभाग आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. कित्येक ठिकाणी ते एकाच जिन्याने वर जातात आणि पाच वर्षे एकमेकांचे काम पाहत नाहीत. म्हणून प्रवेशापूर्वी तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचाराव्यात. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला नियोजनाचा वैकल्पिक विषय घेता येतो का? ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांचे काम तपासणाऱ्या परीक्षक मंडळात, दुसऱ्या विभागाचे शिक्षक बसतात का? आणि चौथ्या वर्षाचा नागरी संरचनेचा (अर्बन डिझाइनचा) स्टुडिओ खऱ्या वस्तीवर घेतला जातो की काल्पनिक जागेवर? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. वार्षिक प्रदर्शन असेल तर जरूर जावे आणि शीटवर माणसे, झाडे, रिक्षा आणि गटारे दिसतात का, तेही पाहावे.

पहिल्या वर्षापासून हिशेबाची सवय

वास्तुकलेचा विद्यार्थी एकास शंभर प्रमाणात विचार करायला शिकतो, नगररचनेचा एकास पाच हजारात. दोन्ही शिकणाऱ्याचे खरे काम एका प्रमाणातून दुसऱ्यात सतत ये-जा करण्याचे आहे, आणि ही सवय एम.प्लॅन.ला जाईपर्यंत थांबवून ठेवली तर लागत नाही. त्यासाठी एक साधा सराव सुचवतो.

पाचशे चौरस मीटरचा एक भूखंड घ्या, ज्यावर आज एक बंगला आहे. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, १.१ धरला तर ५५० चौरस मीटर बांधकाम होते. जिना, भिंती वगैरे बाजूला ठेवून पंचावन्न चौरस मीटरची एक सदनिका धरली तर दहा सदनिका. स्टुडिओत येथपर्यंतचे काम आपण हौसेने करतो आणि दर्शनी भागाच्या रेखाटनाला लागतो. आता त्याच गल्लीत असे चाळीस भूखंड आहेत आणि सगळ्यांनीच पुनर्विकास केला, असे समजा. चारशे सदनिका झाल्या. घरटी चार माणसे धरली तर सोळाशे लोक. माणशी रोज १३५ लिटर या प्रचलित मानकाने त्यांना २ लाख १६ हजार लिटर पाणी लागेल. बंगल्यांच्या काळात त्याच गल्लीत १६० माणसे राहत होती आणि त्यांना २१,६०० लिटर पुरत होते. पाणी दहापट झाले, सांडपाणीही साधारण त्याच पटीत वाढले, आणि रस्त्याखालची वाहिनी मात्र जुनीच आहे.

पुढे जा. दोन घरांमागे एक मोटार धरली तर दोनशे मोटारी होतात. उभ्या मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे एकूण अडीच हजार चौरस मीटर. वळवण्याची जागा न धरताच पाच पूर्ण भूखंड मोटारींखाली गेले. अशा तीन गल्ल्या मिळून लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास पोहोचते, आणि तेवढ्या वस्तीमागे एक प्राथमिक शाळा असावी असे नियोजनाचे मानक सांगते. ती शाळा कोठे बसवणार? हा हिशेब कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर पंधरा मिनिटांत होतो. प्रत्येक डिझाइन शीटच्या कोपऱ्यात तो मांडण्याचा नेम ठेवला तर ज्युरीत बसलेली माणसे कुरकुरतील कदाचित, पण तुमची रचना बदलेल. तळमजला मोकळा ठेवायचा की दुकानांना द्यायचा, कुंपणाची भिंत किती उंच घ्यायची, असे निर्णय तुम्ही मग गल्लीच्या अंगाने घेऊ लागाल.

या दोन प्रमाणांची सांगड एका जागी पाहायची असेल तर नवी मुंबईत बेलापूरला जावे. शिरीष पटेल, प्रवीणा मेहता आणि चार्ल्स कोरिया यांनी १९६०च्या दशकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया तिचे प्रमुख वास्तुविशारद झाले. पुढे १९८०च्या दशकात त्याच कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजची घरे रचली. सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, एका लहान चौकाभोवती सात घरे, असे तीन गट मिळून मोठ्या चौकाभोवती एकवीस घरे, आणि अशा समूहांतून पुढची वस्ती. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे, अशी मूळ योजना होती. आज तेथे अनेकांनी मूळ घर पाडून दोन-तीन मजली बांधले आहे. काही जण यात रचनेचा पराभव पाहतात. मला ते पटत नाही, कारण घरे बदलूनही चौक शाबूत राहिले, आणि टिकवायची होती ती गोष्ट तीच. तेथे जाताना मोजपट्टी न्यावी, चौकाची रुंदी स्वतः मोजावी, आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत तेथे कोण बसते, कोण खेळते, गाड्या कोठे लागतात याचे रेखाटन करावे.

कागदपत्रे आणि कायदा

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना कायदा रुक्ष वाटतो आणि शिकवणारेही तो उरकून टाकतात. नगररचनेत मात्र कायदा हेच डिझाइनचे साधन आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा पायाभूत कायदा होय; त्याच्याही मागे १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आहे, जो देशातला या प्रकारचा पहिला. १९६६ च्या कायद्यातली तीन साधने आधी समजून घ्यावीत: मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना, शहरासाठी विकास योजना, आणि एखाद्या भागातील जमिनी एकत्र करून रस्ते व सार्वजनिक जागा काढल्यावर मालकांना नव्या आकाराचे भूखंड परत देणारी नगररचना योजना. बांधकामाचे तपशील नियमावलीत असतात. राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी आहे.

कायदा पहिल्या कलमापासून वाचायला घेऊ नये. तिसऱ्या पानावर झोप येईल. आपल्या घराजवळचा एक भूखंड निवडावा आणि त्याची कागदपत्रे गोळा करावीत. गावठाणाबाहेर सातबारा उतारा, नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा आणि नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला. मग विकास योजनेच्या नकाशावर तो भूखंड शोधावा. पिवळा रंग रहिवासाचा, निळा वाणिज्याचा, जांभळा उद्योगाचा, हिरवा मोकळ्या जागांचा, असा सर्वसाधारण संकेत असला तरी प्रत्येक नकाशाची स्वतःची सूची आधी पाहावी. भूखंडावरून रस्तारुंदीची रेषा जाते का, त्यावर क्रीडांगणाचे किंवा शाळेचे आरक्षण आहे का, हे पाहावे. आरक्षण असेल तर कलम १२७ वाचावे. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नकाशावर हिरवा दिसणारा तुकडा दहा-वीस वर्षांनी इमारत का होतो, याचे एक उत्तर त्या कलमात सापडते. अशा एका भूखंडाच्या निमित्ताने आठ-दहा कलमे वाचून होतात आणि ती लक्षातही राहतात.

प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नागरिकांना हरकती व सूचना देता येतात आणि त्यांवर सुनावणी होते. आपल्या गावात अशी सुनावणी असेल तर एक तास बुडवून जावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या प्रारूप विकास योजनेत अस्तित्वातल्या वापरांच्या इतक्या चुका निघाल्या आणि लोकांनी इतका विरोध केला की एप्रिलमध्येच ती बाजूला ठेवून नव्याने काम करावे लागले. अंतिम मंजुरी २०१८ मध्ये आली. गोव्यातही लोकांच्या आंदोलनामुळे २०११ सालासाठीची प्रादेशिक योजना २००७ मध्ये मागे घ्यावी लागली. घरमालक, भाडेकरू, शेतकरी आणि विकासक एकाच रेषेकडे कसे वेगवेगळे पाहतात, हे सुनावणीच्या सभागृहात जितके कळते तितके कोणत्याही वर्गात कळत नाही. वास्तुविशारदासमोर एक ग्राहक बसलेला असतो. नगररचनाकाराची माणसे अनेक असतात, त्यांचे हितसंबंध एकमेकांना छेदतात आणि त्यांतली काही अजून जन्मालाही आलेली नसतात.

पाहणी

आधी पाहणी, मग योजना, हा आग्रह स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी धरला. ते १९१४ साली भारतात आले, अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन सुरू केले, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचे तेथले विद्यार्थी. दाट वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याऐवजी चार-दोन पडकी घरे हलवून मोकळी जागा काढावी आणि बाकीची वस्ती राखावी, असे त्यांचे म्हणणे असे. पुण्याच्या पेठांत किंवा कोल्हापूरच्या जुन्या गल्ल्यांत पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याला ते आजही उपयोगी पडते.

पाहणीचे तंत्र फार अवघड नाही, पण शिस्त लागते. एकच गल्ली सकाळी, दुपारी व रात्री पाहावी, आणि आठवडी बाजाराचा दिवस सोडू नये. प्रत्येक घराचे मजले, तळमजल्याचा वापर, बांधकामाची अवस्था आणि मालक की भाडेकरू, एवढ्या चार नोंदी मूळ नकाशावर कराव्यात. वाड्यात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी, महाविद्यालयाचे पत्र जवळ ठेवावे आणि ‘महापालिकेची माणसे आली’ असा समज होऊ देऊ नये. तसा झाला की लोक एकतर दार लावतात किंवा पाण्याची तक्रार सांगू लागतात. ती तक्रारही लिहून घ्यावी, कारण आपल्या प्रश्नावलीत नसलेला मुद्दा बहुधा तीच पुढे आणते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात सांगतो. ऑटोकॅड आणि स्केचअप महाविद्यालयात येतातच. त्यांच्या जोडीला क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षातच शिकावे आणि एक्सेल नीट वापरता यावे. पाहणीच्या नोंदी क्यूजीआयएसमध्ये भरल्या की मजले, वापर आणि मालकी यांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहता येतात. पहिली दोन वर्षे हाताने रेखाटन मात्र सोडू नये.

प्रशिक्षण, प्रबंध आणि पुढचे पाऊल

बी.आर्क.मध्ये साधारण एक सत्र व्यावसायिक प्रशिक्षणाचे असते. बहुतेक जण नावाजलेल्या कार्यालयाच्या मागे लागतात आणि चार-पाच महिने स्वच्छतागृहांचे तपशील काढतात. ते कामही शिकण्यासारखे आहे. पण नगररचनेत जायचे असेल तर निविदेतून विकास योजना, वारसा सूची किंवा पुनर्वसनाची कामे घेणारे छोटे कार्यालय शोधावे, जेथे महापालिकेत फेऱ्या मारण्याची वेळ तुमच्यावर येईल. प्रबंधासाठी शक्यतो असा विषय घ्यावा ज्यात वस्तीचा आराखडा आणि त्यातील एक इमारत, दोन्ही पूर्ण करता येतील, उदाहरणार्थ तालुक्याच्या गावातला बसस्थानकाचा परिसर आणि बाजाराची इमारत. केवळ आराखडा केला तर वास्तुकलेची ज्युरी नाराज होते, आणि केवळ इमारत केली तर एम.प्लॅन.च्या मुलाखतीत दाखवायला काही उरत नाही.

एम.प्लॅन.साठी गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेचा वास्तुकला व नियोजन हा पेपर द्यावा. त्यात सर्वांसाठी समान भाग असतो आणि पुढे वास्तुकला किंवा नियोजन यांतला एक भाग निवडावा लागतो. या गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे पाचव्या वर्षात परीक्षा देऊन, वर्षभर नोकरी करून मग प्रवेश घेता येतो. नोंदणी करून वर्ष-दोन वर्षे बांधकामावर काढलेल्या विद्यार्थ्याला नियोजनाच्या वर्गात नियमावलीचे परिणाम सांगावे लागत नाहीत, म्हणून मी हाच क्रम सुचवीन. नगररचना, वाहतूक, गृहनिर्माण, पर्यावरण, प्रादेशिक नियोजन अशा शाखा असतात. बांधकाम आणि शहर दोन्हींशी नाते ठेवायचे असेल तर नगररचना किंवा गृहनिर्माण घ्यावे. वास्तुकलेचीच मोठी व्याप्ती हवी असणाऱ्यांसाठी नागरी संरचनेतील एम.आर्क. हाही पर्याय आहे.

नोकरीच्या दृष्टीने, नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालात राज्यांच्या नगररचना विभागांतील ३,९४५ मंजूर पदांपैकी ४२ टक्के पदे रिक्त असल्याचे नमूद आहे. रिक्त पद म्हणजे जाहिरात निघालेले पद नव्हे, हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात नगररचनाकार व सहायक नगररचनाकार ही पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. पात्रतेत कोणती पदवी धरली आहे ते प्रत्येक जाहिरातीत शब्दशः वाचावे आणि बी.आर्क.चे नोंदणी प्रमाणपत्र मुदतीत नूतनीकरण करून ठेवावे.